उलटे आकडे

मे महिन्यात चोपड्यात दुपारी बारानंतर पाना उन्हात राहिला तर पुन्हा हातात धरवत नाही. अशाच एका दुपारी अडावदकडचे एक नाना टेम्पोत यंत्र घालून गॅरेजवर आले. यंत्र म्हणतो, कारण त्याला नेमकं काय म्हणावं ते मला पटकन सुचलं नाही. होता ट्रॅक्टरच, पण म्हशींच्या कळपात शेळी उभी राहावी तसा. टेप लावला तर रुंदी सव्वातीन फूट. बॉनेट कुठल्या तरी पिंपाचा पत्रा ठोकून केलेलं. रंगाचे थर इतके की टवका उडाला तिथं लाल, त्याखाली निळा, त्याखाली हिरवा.

"काय व्हयनं, नाना?"

"चालस, पन आरडस."

चालतो, पण ओरडतो. दुखणं सांगावं तर असं. मी हँडल मारलं, इंजिन दुसऱ्या फेरीला धरलं. गिअरमध्ये टाकून दहा पावलं नेला आणि मागून असा किंकाळीसारखा आवाज आला की समोरच्या रसवंतीवरची माणसं वळून पाहायला लागली. डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना फेरा वाटून देणारी दात्यांची पेटी. एवढं कळायला तीस वर्षांचा अनुभव लागत नाही. पण डिफरन्शियल कशाचं? सामान मागवायचं तर आधी यंत्राची जात कळायला हवी, आणि नेमप्लेटच्या जागी नुसती चार रिबिटांची भोकं. नानांना विचारलं तर म्हणाले, मोठ्या भावानं घरी बनवला, तो गिरणीत फिटर होता, त्याला जाऊन नऊ वर्षं झाली.

अशा वेळी मी पान्यांना विचारतो. जपानी धाटणीच्या मशीनला 8 एमएमच्या बोल्टचं डोकं 12 चं असतं आणि 10 एमएमचं 14 चं. आपल्या हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट आणाल तर त्याच मापाला 13 आणि 17 चा पाना लागतो. अमेरिकन घराण्याची गाडी असली की सगळं इंचात. तिथं 9/16 च्या डोक्यावर 14 चा पाना चढत नाही आणि 15 चा गरगर फिरतो. नवी पोरं त्या 15 नंच ओढतात आणि बोल्टचे कोपरे गोल करून ठेवतात, तो वेगळा विषय.

इंजिनला 12 आणि 14 चपखल बसले. आडवं, एका सिलिंडरचं, वरून पाणी भरायचं डिझेल इंजिन. घासलेटाच्या फडक्यानं पुसत गेलो तेव्हा ब्लॉकवर तीन हिऱ्यांची खूण निघाली. म्हणजे मित्सुबिशीच्या बनावटीचं पॉवर टिलरचं, हातानं धरून चालवायच्या नांगरणी यंत्राचं, इंजिन. बंगळूरला 1967 साली निघालेली व्ही. एस. टी. कंपनी ते टिलर बनवते, खान्देशात चिक्कार फिरले. चॅसिस आणि सीटचे बोल्ट 13 आणि 17 चे, म्हणजे भावाच्या हातचे. गिअरबॉक्सपासून मागे मात्र सगळं इंचात, आणि चाकाला पाच नटं, साडेपाच इंचांच्या वर्तुळावर. जुनी जीप. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतलेली विलीजची जीप, तिचंच सगळं मागचं बूड. तीन पुढचे गिअर, त्याला वेग आणखी कमी करणारी लो गिअरची पेटी, आणि ती लोवरच कायमची अडकवलेली. इंजिनाच्या पट्ट्यांनी निम्मा झालेला वेग त्यातून गेला की ट्रॅक्टर ताशी चारेक किलोमीटरनं जाणार, माणसाच्या चालीनं.

पोतं टाकून खाली शिरलो. एक्सलच्या हाऊसिंगवरचा, म्हणजे बाहेरच्या कवचावरचा, ओतीव नंबर वाचायचा होता. बॅटरी मारली तर आकडे वाचता येईनात. आधी वाटलं मीच उलट्या बाजूनं झोपलोय. बाहेर आलो, दुसऱ्या बाजूनं शिरलो. आकडे तरीही उलटेच. सगळा एक्सलच वरची बाजू खाली करून बसवलेला होता.

मी तिथंच पडल्या पडल्या हसलो. म्हटलं, बघा हे जुगाड, माणसानं घाईत एक्सल उलटा ठोकलाय. हाताखालच्या सोन्याला हाक मारून तेही दाखवलं. हसणं पुढं दहा मिनिटं टिकलं असेल.

कारण मग मी इंजिनाकडे नीट बघितलं. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, पुढे, रेडिएटर असतो तिथं. पट्टे पुढेच, आणि क्लचचा शाफ्ट इंजिनाच्या पोटाखालून मागे. असं केल्यानं ट्रॅक्टरची लांबी सहज दीड-दोन फुटांनी वाचली होती. केळीचा बाग पाच बाय पाच फुटांवर, मध्ये ठिबकच्या नळ्या, बांधाला वळायला जागा नाही. तिथं लांबीतला एक फूटसुद्धा मोठा. पण फ्लायव्हील पुढे आलं की गिअरबॉक्समध्ये फेरा उलटा जातो. तसंच सोडलं असतं तर ट्रॅक्टरला तीन रिव्हर्स आणि एक पुढचा गिअर झाला असता. एक्सल उलटा केला की फेरा पुन्हा सुलटा. त्या माणसानं दोन उलट्यांचं एक सुलट केलं होतं, आणि मी खाली झोपून त्याला हसत होतो.

मागचं कव्हर उघडलं. तेल होतं, काळं पण पुरेसं, अगदी कव्हरवरच्या भरायच्या बुचापर्यंत. क्राऊनचे, म्हणजे मोठ्या दातेरी चाकाचे, दात मोजले, 43. त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनचे 8. जीपच, शंका नको. दातांना फारसं काही नव्हतं, पिनियनच्या बेअरिंगचे रोलर मात्र निळे पडलेले. निळा रंग म्हणजे कोरडं चालून तापलेलं. तेल बुचापर्यंत आणि बेअरिंग कोरडं, हे कसं?

उत्तर पुन्हा त्या उलट्या आकड्यांतच होतं. जीपमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्याखाली असतो, तेलात बुडालेला. एक्सल उलटला की तोच पिनियन मध्याच्या वर जातो, आणि बुचापर्यंतचं तेल त्याला पोचत नाही. रस्त्यावर पळणाऱ्या गाडीत क्राऊन तेल उडवून भागवून नेतो. चार किलोमीटरच्या चालीला कसलं उडणार. पण मग हा ट्रॅक्टर इतकी वर्षं चालला कसा? ज्याला फेऱ्याचं गणित सुटलं त्याला तेलाचं सुटलं नसेल असं होत नाही.

कव्हर हातात घेऊन बुचाभोवती अंगठा फिरवला. रंगाखाली एक कडी लागली. आधी वेल्डिंग, मग ग्राइंडरनं साफ सपाट केलेली, रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठी. इथं काहीतरी होतं आणि कुणीतरी ते कापलं होतं.

"नाना, इथं काय होतं?"

"नळाचा एल्बो होता. भाऊनं लावलेला. त्यातूनच तेल टाकायचो, वरपर्यंत."

"मग कापला कुणी?" माझ्या आवाजात जरा तोरा होता. दुसऱ्या मेस्तरीची चूक सापडली की आमच्या धंद्यात येतोच.

नाना थोडा वेळ गप्प बसले. मग अगदी साधेपणानं म्हणाले, "तूच कापेल शे ना, भाऊ."

सहा वर्षांपूर्वी ते मोटरसायकलच्या हँडलला पिशवी अडकवून नुसतं कव्हर घेऊन आले होते. चाकांच्या आतून तेल गळतं, ठिबकच्या नळ्यांवर पडतं, काहीतरी करा. मी कव्हर बघितलं, जीपचं. जीपच्या कव्हरला एल्बो कशाला? तेल जास्त भरतं म्हणून गळतं, असा निकाल दिला, एल्बो कापला, भोक साफ करून आटे पाडले आणि साधं बूच बसवून दिलं. किती घेतले ते आठवत नाही. ट्रॅक्टर बघितलाच नव्हता. कुठं बसतं हे, एवढंही विचारलं नव्हतं. गळणं खरंच थांबलं, त्यामुळे नानाही खूश. दिवाळीत फणी पाठवली होती त्यांनी केळीची.

सोन्या माझ्याकडे बघत नव्हता. बळंच स्टँडवरचे पाने पुसत होता.

बेअरिंगसाठी जळगावला दोन फेऱ्या झाल्या. इंची टेपर बेअरिंग, सध्या कोण ठेवतं? शेवटी धुळ्यात एका म्हाताऱ्या दुकानदाराच्या माळ्यावर, मेणकागदात गुंडाळलेली जोडी मिळाली. ती घासून न बसवता शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, लावून बसवली. पिनियन हातानं फिरवला की जरासा जड, पण अडकता कामा नये. क्राऊनच्या दातांना शेंदूर तेलात कालवून लावला, मारुतीला लावतात तोच, आणि फिरवून ठसा बघितला. दाताच्या मध्यावर लांबट डाग आला तर बरोबर. माझा पहिल्यांदा टोकाला आला. एक शिम काढली, पुन्हा खोललं, पुन्हा लावलं. तिसऱ्या वेळी डाग मध्यावर. या कामात संध्याकाळ गेली, पण त्यातला एक मिनिटही मला वाया गेल्यासारखा वाटला नाही.

चाकांकडची बाजू उघडली तेव्हा अजून एक गोष्ट कळली. भावानं प्रत्येक टोकाला तेल अडवणारे दोन-दोन ऑइल सील पाठीला पाठ लावून बसवले होते. तेल वर राहणार, दाब टोकाला येणार, हे त्याला ठाऊक होतं. सील कडक होऊन तडकले होते, गळती त्यांची होती. मी सहा वर्षांपूर्वी चार सील बदलायला सांगायचे, ते सोडून एल्बो कापला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाच्या दुकानातून अर्ध्या इंचाचा लोखंडी एल्बो आणला आणि त्याच कडीवर वेल्ड केला. 90 नंबरचं तेल टाकलं. जीपला सव्वा लिटर पुरतं, याला दोन लिटरला जरा कमी लागलं. मजुरीचं नाव मी काढलं नाही. नानांनी बेअरिंगचे आणि सीलचे पैसे मोजून दिले, एक रुपया कमी घेऊ दिला नाही.

टेम्पो नको म्हणाले. बसले, मी हँडल मारलं, आणि अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर केळीच्या ट्रकांच्या कडेनं ट्रॅक्टर निघाला. मागून नुसता इंजिनाचा धडधड आवाज. वीसेक पावलांवर थांबवून नानांनी मान वळवली.

"आते गळी का?"

"थोडं गळेल. गळू द्या."