तुम्ही विचारलंत म्हणून: कोयत्याला पोलाद कोणतं?

केळीची कापणी जवळ आली की तुमच्यातलं कोणीतरी विचारतंच, "डी-टूचा करू की कमानपाट्याचा?" डी-टू म्हणजे कारखान्यातल्या साच्यांचं कडक पोलाद, कमानपाटा म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगची पट्टी. मी उत्तर टाळतो म्हणून रागावताही. आज सांगतो.

सहा वर्षांपूर्वी मीच चोपड्यात सगळ्यांना डी-टू घ्या म्हणत होतो. कार्बन दीड टक्का, क्रोमियम 12 टक्के, सगळं तोंडपाठ. त्यातले कार्बाइडचे, म्हणजे कार्बन-क्रोमियमचे कठीण कण लवकर झिजत नाहीत, म्हणून धार टिकते. हे खोटं नव्हतं, आजही नाही. ट्रकच्या कमानपाट्यात कार्बन जेमतेम 0.6 टक्के, क्रोमियम एकाच्याही आत. धार लवकर उतरते, पण दहा हात दगडावर मारले की परत येते.

आमच्या नानांचा कोयता तसाच होता. नाना आमचे सालदार, वडिलांच्या वेळेपासूनचे. तो बाजूला ठेवून मी त्यांना हौसेने डी-टूचा दिला. पंधरा दिवसांनी म्हणाले, "भाऊ, याले मन्हा हातनी धार लागत नही." खरंच होतं. बांधावरचा दगड त्या पोलादाला लागत नाही, हिऱ्याचा दगड लागतो, आणि तो माझ्या कपाटात होता. मी म्हटलं, "वापरा नाना, सवय होईल."

नंतर एकदा घड उतरवून झाल्यावर नाना खोड तोडत होते. खोड मऊ, वार आरपार गेला आणि मागच्या काळ्या दगडावर बसला. पात्याचा नखाएवढा तुकडा उडून त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी घुसला. दवाखान्यात पोचेपर्यंत रक्तात चीक मिसळून हात काळा पडला होता. डॉक्टरांनी काढलेला तुकडा माझ्याकडे काडेपेटीत आहे. नानांचा अंगठा अजून पुरता मिटत नाही. ते मला एक शब्दही बोलले नाहीत.

पोलादाचा दोष नव्हता, असं मी कितीतरी दिवस म्हणत होतो. कडकपणा रॉकवेल मापात 61 ठेवला होता, ताव जास्त देऊन, म्हणजे बुडवल्यावर पुन्हा जास्त तापवून, 57-58 वर आणला असता तर कदाचित टिकला असता. धारही मी भाजीच्या सुरीसारखी पातळ काढली होती. सगळं बरोबर आहे. पण हे मला तेव्हाही ठाऊक होतं. जे मोठे कण धार टिकवतात, त्यांच्यापासूनच पातं तुटायला सुरुवात होते, हेही ठाऊक होतं. मला फक्त धार दिसत होती.

म्हणून कमानपाटाच घ्या, असं तरी कसं सांगू? भंगारातल्या पाट्यात न दिसणारी चीर असू शकते. लोहाराला एवढं जरूर सांगा: तापलेल्या पाट्याला चुंबक चिकटेनासं झालं की जरा आणखी तापवून तेलात बुडव, पाण्यात नको, तडकेल. घरच्या सुरीबाबत मात्र मी माघार घेत नाही. आमच्याकडे कांदा, गवार डी-टूनेच चिरतात, महिनोन्‌महिने धार लावावी लागत नाही.

तो कोयता मी पुन्हा ताव देऊन, धार जाड करून ठेवलाय. नानांच्या हातात द्यायची हिंमत अजून झालेली नाही.