छतावरचा अँटेना: सिग्नल केबलमध्ये मुरत होता

मंडळी, मोबाइल इंटरनेटच्या राउटरला चांगला सिग्नल मिळावा म्हणून अँटेना छतावर चढवल्याचं मागे लिहिलं होतं. त्यानंतरचे आठ दिवस डोकं धरून बसण्यात गेले. नागपुरात बेसातल्या घरी खिडकीजवळ राउटरचा आरएसआरपी (टॉवरच्या सिग्नलची ताकद; शून्याच्या जितका जवळ तितका चांगला) -११३ होता. ९ डीबीआयचा, म्हणजे सिग्नलला ९ डीबीची वाढ देणारा लॉग-पिरियॉडिक (एका दिशेला रोखायचा अँटेना) लावला आणि झाला -११५!

पहिला संशय कनेक्टरवर. बर्डीच्या बाजारातल्या एका दुकानदाराने मागे एसएमए कनेक्टर म्हणून तसाच दिसणारा आरपी-एसएमए गळ्यात मारला होता. आटे छान बसतात, मधली पिनच नसते. या वेळी पिन शाबूत होती. मग दिशा. बाबा खाली स्क्रीनसमोर, मी वर उन्हात पाइप फिरवतोय.

"आता?"

"एकशे पंधरा."

"आता?"

"एकशे अठरा. मागे घे, मागे घे!"

शेवटी राउटर कोणत्या फ्रिक्वेन्सीवर आहे ते सांगणाऱ्या क्रमांकाकडे, ईएआरएफसीएनकडे, नीट पाहिलं: ३९१५०. बँड ४० चे क्रमांक ३८६५० पासून, म्हणजे २३०० मेगाहर्ट्झपासून सुरू होतात आणि एक क्रमांक म्हणजे ०.१ मेगाहर्ट्झ. ३८६५० वजा केले, उरले ५००, म्हणजे २३०० च्या वर ५० मेगाहर्ट्झ. राउटर २३५० वर, बँड ४० ला चिकटलेला. आणि अँटेनापासून राउटरपर्यंतची माझी केबल १२ मीटर आरजी-५८, म्हणजे बारीक कोअॅक्सियल! या फ्रिक्वेन्सीला ती मीटरमागे जवळपास १ डीबी खाते. अँटेना ९ देतो, केबल १२ गिळते. बँड ५ वर, ८५० मेगाहर्ट्झच्या आसपास, हाच तोटा साधारण निम्मा. म्हणून ऑपरेटरचे बँड पाहून नुसता अँटेना निवडणं पुरत नाही, केबलही त्याच बँडवर तपासा. अँटेनावरचं '७०० ते २७०० मेगाहर्ट्झ' हे लेबल केबलबद्दल काहीच सांगत नाही.

खात्रीसाठी राउटरच वर नेला, १ मीटरच्या तुकड्यावर जोडला. -१०४! एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल; जास्त तितका चांगला) ३ वरून १३. बाबांना वर बोलावून दाखवलं.

बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवून पुन्हा सोडणारं यंत्र, का नाही, असं काहींनी विचारलं होतं. परवानगीशिवाय तो वापरणं आपल्याकडे बेकायदेशीर आहे, आणि चुकीचा बूस्टर टॉवरवरच्या सगळ्यांचा अपलिंक (फोनकडून टॉवरकडे जाणारा सिग्नल) नासवतो. मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

आता एलएमआर-४०० ही जाड, कमी तोट्याची केबल मागवणार होतो. १२ मीटरला तोटा ३ डीबीच्या आत. पण ती महाग, शिवाय कोपऱ्यात वळता वळत नाही. हे लिहितानाच वाटतंय, राउटर वरच जिन्याच्या खोलीत ठेवावा आणि खाली लॅन केबल सोडावी. अडचण एकच: वर टिनाचं छत आणि नागपूरचा मे. दुपारी तिथे हात लावला तर भिंतही तापलेली असते. उत्तरेच्या भिंतीवर, जमिनीपासून हातभर उंचीवर थर्मामीटर टांगून आलोय. आठवडाभराचे आकडे आले की ठरवतो, तोवर लॅन केबल मोजून ठेवतो.