कारण-परिणाम निबंध शिकवताना: आधी बाणावर लिहू द्या

कारण-परिणाम निबंध शिकवायची सुरुवात बहुतेक वेळा 'म्हणून', 'त्यामुळे', 'परिणामी' अशा शब्दांच्या यादीने होते. मुलं यादी पाठ करतात आणि कुठल्याही दोन वाक्यांत 'त्यामुळे' घालून मोकळी होतात. 'मुलं मोबाइल वापरतात, त्यामुळे त्यांना गुण कमी मिळतात.' व्याकरणात खोट नाही, पण मोबाइलने गुण कमी कसे केले ते कुठेच सांगितलेलं नाही. सगळा निबंध या 'कसे'वर उभा असतो. म्हणून पहिल्या तासाला एकही परिच्छेद लिहून घेऊ नका.

कागद आडवा धरायला सांगा. डावीकडे कारण, उजवीकडे परिणाम, मधे लांब बाण. आता त्या बाणावर लिहायचं: रात्री उशिरापर्यंत मोबाइल, म्हणून झोपायला उशीर, शाळेची वेळ ठरलेली, म्हणून उठायची वेळ तीच, झोप अपुरी, तासाला लक्ष लागत नाही, शिकवलेलं कळत नाही, गुण कमी. किशोरवयात साधारण 8 ते 10 तास झोप लागते. रात्री एकला झोपून सहाला उठणाऱ्याला 5 तासच मिळतात. असा हिशेब मांडला की कडी पक्की होते. बाणावर काहीच सुचत नसेल, तर एकतर माहिती कमी आहे किंवा मुळात संबंधच नाही.

संबंध खरा आहे का, हे तपासायला तीन प्रश्न पुरतात. हे कारण नसतं तरी परिणाम झाला असता का? कारण असूनही परिणाम झाला नाही, असं कुठे दिसतं का? आणि दोन्ही गोष्टी तिसऱ्याच कशामुळे घडत नाहीत ना? तिसरा प्रश्न मुलांना सर्वांत अवघड जातो. प्राथमिक शाळेत मोठ्या मापाचे बूट घालणारी मुलं जास्त चांगलं वाचतात, हे त्यांच्यापुढे ठेवा. वय वाढलं की पायही वाढतो आणि वाचनही सुधारतं, हे थोड्या वेळाने त्यांनाच सापडतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, ही म्हणही याच तासाला आठवून द्यावी.

वरच्या वर्गांना 1854 ची लंडनची कॉलऱ्याची साथ जरूर सांगा. दूषित हवेमुळे कॉलरा होतो, असं तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. जॉन स्नो या डॉक्टरांनी मृत्यू कुठे झाले ते नोंदवलं, तेव्हा ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाभोवती दाटी दिसली. पण तिथे ते थांबले नाहीत. जवळच्याच मद्याच्या कारखान्यातले कामगार त्या पंपाचं पाणी पीत नव्हते आणि ते साथीतून वाचले होते. हवा सगळ्यांची एकच होती, फरक पाण्यात होता. पंपाचा दांडा काढला तेव्हा साथ आधीच ओसरू लागली होती, हेही सांगायला विसरू नका. दांडा काढल्यानंतर साथ संपली एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कॉलरा पाण्यातून पसरतो, या स्नो यांच्या म्हणण्याला बळ मिळालं ते तुलनेमुळे.

विषय देताना हात आखडता घ्या. 'प्रदूषण : कारणे व परिणाम' दिलंत की हमखास यादी येते. 300 शब्दांत दोन कारणं जेमतेम मावतात, प्रत्येकाला पाच-सहा वाक्यं. कारणं किंवा परिणाम, यांपैकी एकाच बाजूवर भर द्यायला सांगा.

भाषेत एक चूक फार दिसते: 'झोप कमी होण्याचे कारण म्हणजे मोबाइलमुळे आहे.' 'कारण' आणि 'मुळे' यांपैकी एकच ठेवायचं. 'एकमेव', 'नेहमी', 'सगळे' या शब्दांखाली मुलांनाच रेघ मारू द्या. पुरावा नसेल तिथे 'बऱ्याचदा', 'एक प्रमुख कारण' असं येऊ द्या.

पहिला खर्डा तपासताना शुद्धलेखनाला हात लावू नका. जिथे बाण तुटला आहे तिथे समासात फक्त 'कसं?' लिहा, तेही जास्तीत जास्त तीन ठिकाणी. दुसऱ्या खर्ड्यात प्रत्येक 'कसं?'ला किमान दोन वाक्यांचं उत्तर आलं पाहिजे. ऱ्हस्व-दीर्घ त्यानंतर.