बावन्न म्हणजे लवकर का?

ठाण्याच्या कचराळी तलावावर मी सकाळी सव्वासहाला फिरायला पोचते. पूर्वी फक्त रविवारी दिसायचे, जूनपासून रोज दिसायला लागले. शेवटी कट्ट्यावरच्या एका काकांनी विचारलंच, "ताई, नोकरी सोडली की काय?"

सोडली म्हटलं.

"वय काय तुमचं?"

"बावन्न."

"मग लवकरच की हो!"

हे काका मंत्रालयातून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. त्यांच्या शेजारी बसतात ते केंद्र सरकारातले, साठाव्या वर्षी सुटले. केंद्राने १९९८ साली अठ्ठावन्नचं साठ केलं, राज्य तिथेच राहिलं, आणि त्यावरून या दोघांची तळ्याभोवती रोज एक फेरी होते. मंत्रालयवाल्यांना अजून वाटतं, आपली दोन वर्षं कुणीतरी खाल्ली. म्हणजे त्यांच्या हिशेबाने ते स्वतःच लवकर रिटायर झालेत. मी तर शाळा बुडवून आलेली.

मला गंमत वाटते, कारण सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या निवृत्तीचेच आकडे मांडत होते. ठाणे-बेलापूर रोडवरची एक कंपनी, अकाउंट्स, पगारपत्रक. कुणी कंपनी सोडली की फुल अँड फायनल, म्हणजे देण्या-घेण्याचा शेवटचा हिशेब, माझ्या टेबलावर. ग्रॅच्युइटीचे पंधरा भागिले सव्वीस झोपेतसुद्धा करीन. आणि त्या टेबलावरून दिसलेलं सांगते: जितके फॉर्म, तितकी निवृत्तीची वयं. निवृत्त म्हणून पीएफची सगळी रक्कम काढायला पंचावन्न. त्याच पीएफवाल्यांची पेन्शन पूर्ण हवी तर अठ्ठावन्न, कापून चालत असेल तर पन्नास. सीनियर सिटिझनची बचत योजना साठला, पण व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतली असेल तर पंचावन्नलाही. एसटीचं अर्धं तिकीट पासष्टला. (आम्हा बायकांना २०२३ पासून वय न विचारताच अर्धं.) आणि आयकर खात्याचं ऐकाल तर हसाल. व्हीआरएसच्या पैशांवर पाच लाखांपर्यंत सूट मिळायची तर कंपनीची योजना दहा वर्षं नोकरी झालेल्यांसाठी किंवा चाळिशी पूर्ण केलेल्यांसाठी असावी लागते. चाळिशी! आणि कचराळीचे काका मला बावन्नला 'लवकर' म्हणतात.

कापलेल्या पेन्शनवरून एक प्रसंग आठवला. एक मशीन ऑपरेटर माझ्यासमोर बसले होते, वय एक्कावन्न. नोकरी सोडलेली, पेन्शन आत्ताच सुरू करायची होती. मी त्यांना जुन्या पगारपत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूला मांडून दाखवलं. अठ्ठावन्नला जेवढी वर्षं कमी, तितक्या वेळा चार-चार टक्के कात्री. सात वर्षं म्हणजे पाव भाग तरी गेला. चार हजार बसणार असतील तर हातात तीनच्या आसपास, आणि हे कायमचं, पुढे भरून येत नाही. त्यांनी कागद नीट वाचला, बोटाने एकेक ओळ. मग म्हणाले, "आणि मॅडम, अठ्ठावन्नपर्यंत मी राहिलोच नाही तर?"

मी पटकन म्हणाले, "मग वहिनींना विधवा पेन्शन."

नियम बरोबर होता. तोंडातून गेल्यावर जीभ चावली. ते मात्र खो खो हसले आणि पेन्शनच्या दहा-डी फॉर्मवर सही करून गेले.

आता दुसरं टोक. माझा भाचा ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये आहे, वय एकतीस. त्याला चाळीसला रिटायर व्हायचंय. मागच्या रविवारी लॅपटॉप घेऊन आला आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर एक्सेल उघडलं. पोहे गार झाले. त्याचा हिशेब सोपा: वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट साठले की सुटलो. महिना साठ हजार म्हणजे वर्षाला सात लाख वीस हजार, गुणिले पंचवीस, एक कोटी ऐंशी लाख. मग पहिल्या वर्षी त्यातले चार टक्के काढायचे आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवत जायचं.

हे चार टक्के आले कुठून म्हणून मी खोदून विचारलं. विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन सल्लागाराने १९९४ साली मांडलेला हिशेब. तिथले शेअर, तिथले रोखे, तिथली महागाई, आणि पैसे पुरायला हवेत तीस वर्षं. चाळिसात तीस मिळवले की सत्तर. आमच्या माहेरच्या बायका नव्वदीत लोणचं घालतात. पुढची वीस वर्षं काय खायचं, लोणचं?

शिवाय शीटमध्ये मेडिक्लेमचा रकाना नव्हता. सोसायटीच्या लिफ्टचा नव्हता. आईबाबांचा तर नव्हताच. "अगं मावशी, ते इमर्जन्सी फंडात धरलंय," म्हणाला. माझी ताई इमर्जन्सी फंडात आहे हे मी अजून तिला सांगितलेलं नाही. बाकी मुलगा मेहनती आहे. रात्री साडेदहाला येणारा क्लायंटचा फोन बंद झाला तर हा साठपर्यंत सुखाने नोकरी करेल अशी मला दाट शंका आहे.

त्याच्या शीटप्रमाणे माझे बाबा सात वर्षं उशिरा रिटायर झाले. ते सत्तेचाळीस वर्षांचे असताना, १९९५ साली, त्यांचा वागळे इस्टेटमधला कारखाना बंद पडला. वागळे ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ची. बाबा तिथे लागले तेव्हा ती नोकरी म्हणजे जन्माची सोय समजत. कागदावर तेही स्वेच्छानिवृत्तच. फाटकावर नोटीस लागली, अर्ज छापील होते, खाली फक्त सही करायची. नातेवाइकांत कुणी 'लवकर रिटायर झाले' म्हटल्याचं मला आठवत नाही. 'घरी बसले' म्हणायचे, तेही आवाज खाली करून. बाबा स्वतः म्हणत, कंपनी गेली. पुढे जांभळी नाक्यावर एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायला लागले ते सत्तरीपर्यंत. कारखान्यात होते जवळजवळ तेवढीच वर्षं. तिथून थांबले तेव्हाही कुणी निरोप समारंभ केला नाही. गुडघे दुखतात म्हणून जायचे थांबले, एवढंच.

मे महिन्यात मी राजीनामा दिला ते त्यांना सांगितलं. आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. पेपर बाजूला ठेवून विचारलं, "कंपनी बंद झाली का गं?"

"नाही बाबा. मीच सोडली."

"पण चालू आहे ना?"

"चालू आहे."

थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग पुन्हा पेपर उचलला.

का सोडली, ते थोडक्यात: घराचं कर्ज मार्चमध्ये फिटलं, मुलगी कमावती झाली, आणि ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून रबाळ्याच्या गाडीत घुसायचा मला कंटाळा आला. गुडघे अजून दुखत नाहीत. दुखायच्या आधी उठायचं होतं.

गेल्या मंगळवारी बँकेत केवायसीसाठी गेले होते. सकाळी अकराला, मधल्या वारी, हे अजून अंगवळणी पडलेलं नाही. सारखं वाटतं, कुणीतरी विचारेल आज सुट्टी कशी. काउंटरवरच्या मुलाने फॉर्म भरायला घेतला आणि विचारलं, "मॅडम, व्यवसाय? नोकरी?"

"होती. आता नाही."

त्याने वर बघितलं, माझं वय बघितलं आणि मला न विचारता 'गृहिणी'समोर टिक केली.

"निवृत्त आहे हो त्याच्याखाली," मी म्हटलं.

"साठ झाली का तुमची?"

"नाही. सत्तावीस झाली."

त्याला काही कळलं नाही. पण टिक खोडली आणि 'निवृत्त'समोर दुसरी केली. मग फॉर्म माझ्याकडे सरकवला. "खाडाखोड झालीय, मॅडम. इथे बाजूला एक सही करा."

केली.