तुम्ही विचारलंत म्हणून: टिपू कुठे गेला?

फोंड्याच्या बाजारात, आमच्या जिन्यात, अगदी चतुर्थीला माटोळीचं सामान घेतानासुद्धा मला अडवून विचारतात, "चार कुत्री होती ना? दोघांना दिलंतच कसं?" दोन वर्षं मी "जागा नव्हती हो" म्हणून सुटका करून घेतली. ते खोटं होतं. सोसायटीने ठराव केला, एका फ्लॅटमध्ये दोनच कुत्री. आणि मी घाबरले.

चौघांची नसबंदी झालेली, लशीची कार्डं फाईलला लावलेली. 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, ते वर्षानुवर्षं कुत्र्यांना लशी टोचल्या म्हणूनच ना? तरी बैठकीत माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

ओळखीच्यांचं सत्तरी तालुक्यात कुळागर आहे, म्हणजे माडा-पोफळींची बाग. तिथे टिपू आणि मणीला नेलं. टिपू दहा वर्षांचा, एका डोळ्यात मोतीबिंदू. गाडीत माझ्या मांडीवर हनुवटी टेकून बसला. डॉक्टरकडे जातोय असंच त्याला वाटलं असणार. मणी उतरताच माडांच्या आळ्यांत हुंगायला पळाली. टिपू माझ्या पायाला चिकटून. मी त्याला म्हटलं, "बस, आलेच." कामाला निघताना रोज हेच म्हणायचे, आणि संध्याकाळी यायचेच. तो बसला. फाटकाकडे तोंड करून. मी मागे वळून पाहिलं नाही.

आठ दिवसांनी फोनवर कळलं, तो फाटकापाशीच बसतो, भात तोंडाला लावत नाही. "सवय होईल," ते म्हणाले. मीही तेच म्हणाले. पाऊस सुरू व्हायच्या आत तो गेला.

मग वाचनात आलं, की सोसायटीला बहुमतानेसुद्धा पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाने 2015 मध्येच कळवलेलं आहे. आधी वाचायला काय झालं होतं मला?

पण बंदी वेगळी, मर्यादा वेगळी. खालच्या मजल्यावरच्या आजींना पूर्वी कुत्रा चावलेला. माझी चार एकदम जिन्यात आली की त्या भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून उभ्या राहायच्या. तेव्हा मी म्हणायचे, "काही करत नाहीत ती." आज तसं म्हणवत नाही. चंडीगडने 2025 मध्ये घराच्या आकाराप्रमाणे एक ते चार कुत्री अशी मर्यादा ठरवली. मोठ्या बंगल्यात दिवसभर साखळीला बांधलेली चार चालतात, आणि दोन खोल्यांत माणसांच्या अंगावर झोपणारी चार चालत नाहीत? हे मला पटत नाही. आजींची भीतीही खोटी नव्हती. दोन्हींचा मेळ मला घालता येत नाही. आकडा नकोच, असं पूर्वीसारखं ठासून सांगणं मात्र आता जमत नाही.

मणी तिथे रुळलीय म्हणतात. तिला परत आणा, असंही तुमच्यातलेच काही सुचवतात. आणावं की नाही, मी ठरवलेलं नाही. त्या दिवसानंतर मी त्या फाटकापर्यंत गेलेलीच नाही.