घोडा ओकत नाही, तरी त्याचं तोंड का धुता?

"डॉक्टर, घोडा तर कधी ओकत नाही. मग भूल द्यायच्या आधी त्याच्या तोंडात पाणी कशाला मारत बसता?"

घोडबंदर रोडच्या आसपास वरातीच्या घोड्यांचे तबेले आहेत, तिथे हा प्रश्न मला हमखास ऐकू येतो. मालक विचारतात, घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार विचारतात. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनीही विचारलं. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी त्यांना रात्रभर उपाशी ठेवलं होतं, ते त्यांच्या लक्षात राहिलं होतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

घोडा ओकत नाही हे खरंच आहे. त्याची अन्ननलिका जठराला तिरकी येऊन मिळते आणि त्या जागी स्नायूचा फार बळकट वेढा असतो. जठर फुगत जातं तसं ते दार आणखी आवळतं. प्रसंगी जठर फाटतं, पण उलटी होत नाही. कुत्र्याला किंवा माणसाला भूल देताना उलटी फुप्फुसात जाण्याची धास्ती असते. गायी-म्हशींच्या पोटातलं तर भुलीत सहज वर येतं. घोड्यात ही भीती त्यामानाने कमी.

पण फुप्फुसात जायला अन्न पोटातूनच यावं लागतं असं थोडंच आहे? ते गालात असतं. घोडा दिवसभर चघळत असतो, आणि चघळलेल्या गवताचा बोळा दाढा आणि गालांच्या मधे तासन् तास राहू शकतो. जागेपणी तो कधीतरी गिळला जातो. भुलीत गिळणं मंदावतं, खोकलाही मंदावतो, आणि लाळ मात्र सुटत राहते.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, तरी शिकले एका शिंगराकडून. कासारवडवलीच्या पुढे तेव्हा मोकळी जागा होती. तिथे एका तरुण घोड्याला खच्ची करायचं होतं. वीस मिनिटांचं काम, म्हणून झायलाझिन आणि केटामाईन देऊन उघड्यावरच आडवा केला, श्वासनलिकेत नळी घातली नाही. मालकांनी सांगितलं, रात्रीपासून चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, बंद; तोंडाला दाण्याची पिशवी, म्हणजे तोबरा, लावलेला नाही. ते खरंच बोलत होते. पण काही खाता येऊ नये म्हणून तोंडाला बांधतात ती मुसकी त्याला बांधलेली नव्हती, आणि खाली अंथरलेलं गवत त्याने पहाटे खाल्लं होतं. मी तोंड उघडून पाहिलं नाही. शिवाय डोळ्याला खडे लागू नयेत म्हणून डोक्याखाली पोतं दिलं, ते असं की नाक वर आणि घसा खाली.

घोडा छान उठला. तिसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला: अंग तापलंय, चंदीला तोंड लावत नाही, दोन्ही नाकपुड्यांतून हिरवट पाणी येतंय आणि त्याला घाण वास येतोय. छातीला स्टेथोस्कोप लावला तर पुढच्या पायांमागे, खालच्या भागात आवाज बिघडलेला. फुप्फुसाचा हाच भाग सगळ्यात खाली असतो, आत गेलेलं तिथेच उतरतं. गवताबरोबर तोंडातले जंतू गेलेले, म्हणून पेनिसिलिन, जेंटामायसिन आणि मेट्रोनिडॅझोल अशी तिन्ही औषधं चालवावी लागली. सहा आठवडे. घोडा वाचला, पण लग्नाचा अख्खा मोसम त्या घरातून गेला. चूक माझी होती, आणि ती मी त्यांना त्याच दिवशी सांगितली.

म्हणून ते पाणी. मोठ्या पिचकारीने गालांच्या आतून धार मारायची, पुन्हा पुन्हा, बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. मोठ्या ऑपरेशनला श्वासनलिकेत नळी घालतो. मोठ्या घोड्याला ती साधारण 26 मिलिमीटर रुंद लागते आणि घसा न दिसता, अंदाजाने सरकवावी लागते. गालात बोळा राहिला असेल तर आपणच तो नळीच्या टोकाने आत ढकलतो. नळीभोवतीचा फुगा फुगवला की वाट बरीचशी बंद होते. आडव्या घोड्याचं डोकं आता मी मानेपाशी उंच आणि नाकाकडे उतरतं ठेवते, म्हणजे लाळ बाहेर गळते.

पोटशूळाचा घोडा मात्र निराळा. आतडं अडलं की जठरात पाणी साचत जातं. त्याला पाठीवर उताणा केला की वरचा दाब वाढतो, आणि एरवी न उघडणारं ते दार हार मानतं. घोड्याचा टाळूचा मागचा मऊ भाग लांब असल्याने वर आलेलं पाणी नाकातून बाहेर पडतं. म्हणून भुलीआधी नाकातून जठरात नळी घालून जे निघेल ते काढायचं. कधी कधी बादलीभर निघतं, आणि ते पाहिल्यावर मालक पाण्याबद्दल विचारत नाहीत.

फुप्फुसाला आणखी एक धोका शेवटी असतो. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो. बराच वेळ पाठीवर राहिला की नाक आतून सुजतं. अशा वेळी नळी घाईने काढली, तर तो बंद नाकातून जिवाच्या आकांताने हवा ओढतो, त्या ओढीनेच फुप्फुसात पाणी उतरतं आणि नाकपुड्यांतून गुलाबी फेस येतो. यात आत काहीच गेलेलं नसतं, तरी जीव जाऊ शकतो. म्हणून शंका असेल तर घोडा पायावर उभा राहीपर्यंत मी नळी काढत नाही.

भीतीचं प्रमाणही सांगायला हवं. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या, 41,824 घोड्यांच्या पाहणीत भुलीनंतरच्या सात दिवसांत 1.9 टक्के घोडे दगावले. पोटशूळाचे वगळले तर 0.9 टक्के. त्यात हृदय बंद पडणं आणि उठताना हाड मोडणं ही कारणं वर होती. पण तोंडातला बोळा हे असं कारण आहे, जे एक बादली पाण्याने टळतं.

त्याच तबेल्यातला मोतद्दार आता माझ्याआधी तयार असतो. आदल्या संध्याकाळी मुसकी बांधतो, पाण्याची बादली मात्र काढत नाही, कारण पाणी बंद करायचं नसतं हे त्याला पाठ आहे. सकाळी घोड्याची जीभ एका हाताने बाजूला धरतो, दुसऱ्या हाताची बोटं गालात फिरवतो आणि मला दाखवतो. काल बोटांवर हरभऱ्याची दोन सालं होती. आम्ही पुन्हा धार मारली.