पुंगळी कपाळावर का येते? ग्लॉक १९ ची एक जुनी खोड

ग्लॉक १९ या ९ मिमी पिस्तुलातून सुटलेली पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, उजवीकडे, किंचित मागे, पाच-सात फुटांवर जाऊन पडायला हवी. काही पिस्तुलांतून ती सरळ वर उडते आणि मागे येते. कधी टोपीच्या कडेवर टिचकी मारते, कधी कपाळावर बसते, कधी शर्टाच्या गळ्यातून आत उतरते. अमेरिकेतल्या नेमबाजांनी याला ‘ब्रास टू द फेस’ म्हणजे बीटीएफ असं नावही देऊन टाकलंय. तिसऱ्या पिढीची शेवटची आणि चौथ्या पिढीची सुरुवातीची ९ मिमी पिस्तुलं यासाठी विशेष बदनाम आहेत. चौथी पिढी २०१० मध्ये बाजारात आली आणि २०११ मध्ये कंपनीने तिच्या रिकॉइल स्प्रिंग (मागे गेलेला वरचा भाग पुन्हा पुढे ढकलणाऱ्या) स्वतःहून बदलून देण्याची योजना जाहीर केली. पण खोड एकट्या स्प्रिंगची नव्हती. म्हणूनच जुनं पिस्तूल हातात आलं की हा प्रश्न आजही निघतो.

दुरुस्तीच्या आधी डोळ्यांचं बघा. नुकतीच उडालेली पुंगळी चटका देण्याइतकी गरम असते, आणि ती चष्मा व भुवई यांच्या फटीत अडकली की माणूस प्रतिक्षिप्तपणे हात वर नेतो. त्या हातात भरलेलं पिस्तूल असतं. खरा धोका हा आहे, चटका नव्हे. पुंगळी अंगावर आली तर क्रम ठरलेला हवा: बोट चापावरून बाजूला, नळी निशाण्याकडेच, पिस्तूल टेबलावर ठेवायचं, मग पुंगळी झटकायची. दोन सेकंद चटका सोसायचा. कपाळाला चिकटून बसणारा संरक्षक चष्मा, पुढची कड खाली ओढलेली टोपी आणि गळाबंद कपडे यांनी बरंच निभावतं. मोठ्या गळ्याचा टी-शर्ट घालून रेंजवर जाऊ नये, पिस्तूल कितीही गुणी असलं तरी.

आता यंत्राकडे. गोळी सुटली की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे जाते. ब्रीच फेसच्या (स्लाइडच्या ज्या तोंडाला पुंगळीचं बूड टेकतं त्याच्या) उजव्या अंगाला असलेला एक्स्ट्रॅक्टर आपल्या आकड्यात पुंगळीची कड धरून तिला चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या काडतुसाच्या जागेतून, बाहेर ओढतो. मागे येता येता पुंगळीचं बूड फ्रेममध्ये (मूठ असलेल्या खालच्या सांगाड्यात) डावीकडे पक्क्या बसवलेल्या इजेक्टरवर आपटतं. ठोसा डावीकडून, पकड उजवीकडे, त्यामुळे पुंगळी आकड्याभोवती बिजागरीवरच्या दारासारखी फिरते आणि उजवीकडे भिरकावली जाते. बिजागरी सैल असेल तर दार कुठेही जाईल. आकड्याची पकड ढिली असली की ठोसा बसण्याआधीच पुंगळी ब्रीच फेसवर वर-खाली सरकते, इजेक्टर दर वेळी बुडाच्या वेगळ्याच जागी लागतो आणि दिशा बिघडते. एक पुंगळी पुढे, दुसरी वर, तिसरी तुमच्या नाकावर. हे विखुरणं पकड ढिली असल्याचं लक्षण आहे. उलट प्रत्येक पुंगळी इमानाने त्याच वाटेने कपाळावर येत असेल, तर पकड बहुधा ठीक आहे आणि इजेक्टरच्या ठोशाचा कोन चुकतोय. हा फरक आधी टिपायचा.

पुंगळीला खालून एक आधारही मिळतो आणि त्याकडे सहसा दुर्लक्ष होतं. मॅगझीनमधलं पुढचं काडतूस वर दाबलेलं असतं, त्यामुळे पकड ढिली असली तरी पुंगळी फार खाली घसरत नाही. शेवटच्या गोळीला हा आधार नसतो. मॅगझीनमधल्या पहिल्या चौदा पुंगळ्या नीट गेल्या आणि पंधरावी तोंडावर आली, असं वारंवार घडत असेल तर संशय थेट एक्स्ट्रॅक्टरवर घ्यावा.

पण सुटा भाग मागवायच्या आधी नेमबाज तपासा. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही. ग्लॉकची स्लाइड मागे जाताना फ्रेम जागेवर धरून ठेवायचं काम मनगटाचं असतं. मनगट सैल राहिलं तर फ्रेमही मागे जाते, स्लाइडचा सापेक्ष वेग घटतो आणि इजेक्टरचा ठोसा मवाळ पडतो. पुंगळी मग वर उडून जवळच मागे पडते. आधाराच्या हाताचा अंगठा स्लाइडला घासत असेल तरी हेच होतं. चाचणी सोपी आहे: तेच पिस्तूल, त्याच डब्यातली काडतुसं, दुसऱ्या अनुभवी माणसाच्या हातात द्या. त्याच्याकडून पुंगळ्या उजवीकडे गेल्या तर तुमचे पैसे वाचले.

दुसरी पायरी काडतुसाची. स्वस्त सरावाच्या ११५ ग्रेनच्या (म्हणजे साधारण साडेसात ग्रॅम गोळीच्या) काही डब्यांत दारूचा जोर बेताचा असतो. रिकॉइल स्प्रिंग कडक असेल तर स्लाइड हवी तितक्या वेगाने मागे जात नाही. १२४ ग्रेनची नाटो दर्जाची काडतुसं जास्त जोराची असतात. पन्नास ती झाडून पाहा. त्यांनी खोड गेली तर पिस्तूल काठावर चालतंय असं समजा: जोर थोडा जरी कमी पडला की बिघडणारं. केवळ सरावासाठी असेल तर काडतूस बदलून भागवता येतं. स्वसंरक्षणासाठी ठेवलेल्या पिस्तुलाला हा उपाय मानू नये.

बघताना नजरेवर भिस्त ठेवू नका. फोनवर सेकंदाला २४० चित्रांचा स्लो-मोशन व्हिडिओ, नेमबाजाच्या मागून किंचित उजवीकडून, रेंजच्या सुरक्षा रेषेमागे राहून घ्या. निशाण्याकडे १२ धरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दिशा लिहा. ३ ते ५ च्या मधे पडणाऱ्या पुंगळ्या निरोगी. ६ कडे जाणाऱ्या तुमच्याकडे. एका वेळी एकच गोष्ट बदला. स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर आणि इजेक्टर एकाच संध्याकाळी बदलणाऱ्याला दोष कुठे होता ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या वर्षी तो परत आला की सगळं पहिल्यापासून. स्लाइडवर रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी साइट) बसवलेला असेल तर व्हिडिओ आणखी महत्त्वाचा, कारण पुंगळी वर जाऊन त्या साइटच्या घरावर आपटून मागे वळते, आणि डोळ्यांना ती थेट चेहऱ्याकडे आल्यासारखी वाटते.

पकडीची खरी परीक्षा मॅगझीनशिवाय होते. मॅगझीनमध्ये एकच काडतूस भरा, स्लाइड सोडून ते चेंबरमध्ये घ्या, मॅगझीन काढा, झाडा. ग्लॉकला मॅगझीन काढल्यावर चाप अडवणारी यंत्रणा नाही, त्यामुळे ते झडतं. असं दहा वेळा. चांगल्या एक्स्ट्रॅक्टरने दहाही पुंगळ्या बाहेर फेकायला हव्यात. एखादी मॅगझीनच्या मोकळ्या पोकळीतून खाली घरंगळली किंवा स्लाइडमध्ये उभी अडकली, तर आकडा तिला धरून ठेवत नाहीये. काडतूस मात्र हाताने थेट चेंबरमध्ये टाकून वर स्लाइड आपटू नका. तसं केलं की आकड्याला कडेवरून उडी मारून बसावं लागतं, आणि तपासणीच त्याची टोकं झिजवते.

परीक्षेत नापास झाला तरी लगेच नवा एक्स्ट्रॅक्टर नको. आधी साफसफाई. पिस्तूल रिकामं करा: मॅगझीन बाहेर, स्लाइड मागे, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेलं, काडतुसं दुसऱ्या खोलीत. स्लाइड उतरवा. २.४ मिमीच्या पंचने फायरिंग पिनभोवतीची (काडतुसावर आपटणाऱ्या सुईभोवतीची) प्लास्टिकची नळी पुढे दाबून धरा आणि मागची पट्टी खाली सरकवा. पट्टी निघताना अंगठा तिच्यावर ठेवा. आत स्प्रिंग दाबलेल्या असतात आणि त्या छताला लागतात. फायरिंग पिन आणि एक्स्ट्रॅक्टर दाबणारी बारीक सळई-स्प्रिंग बाहेर घ्या. मग फायरिंग पिनची सेफ्टी दाबली की एक्स्ट्रॅक्टर सैल होऊन पडतो. आकड्याच्या खोबणीत काळी काजळी आणि पितळेचा चुरा घट्ट बसलेला दिसेल. लाकडी दातकोरणी आणि नायलॉनचा ब्रश पुरेसा आहे. आकड्याच्या कडा भिंगातून पाहा: कोपरा तुटलाय का, गोल झालाय का. परत बसवताना सळई पुढे एक्स्ट्रॅक्टरकडे आणि प्लास्टिकचं टोक मागच्या पट्टीकडे. या पोकळ्यांत तेल अजिबात नको. तेलात काजळी कालवली गेली की चिखल होतो आणि एक्स्ट्रॅक्टर पुन्हा आळसावतो.

स्वच्छ करूनही पकड येत नसेल तर दोन वाटा. पहिली, एक्स्ट्रॅक्टर दाबणारी स्प्रिंग बदलणं; थोड्या जास्त दाबाचे संच मिळतात आणि बसवायला पाच मिनिटं लागतात. दुसरी, एक्स्ट्रॅक्टरच बदलणं. २०१०च्या आसपासच्या तक्रारींचा मोठा रोख साच्यात धातूची भुकटी दाबून बनवलेल्या एमआयएम एक्स्ट्रॅक्टरवर होता, आणि एपेक्स टॅक्टिकलसारख्या कंपन्यांनी ठोकळ्यातून कापून काढलेले पर्याय विकले ते याच दुखण्यावर. घेताना कॅलिबर आणि स्लाइडमधल्या खाचेचा प्रकार दोन्ही जुळवा. .४० चा एक्स्ट्रॅक्टर ९ मिमीला चालत नाही. चेंबर भरल्याची खूण दाखवणारा उंचवटा असलेले आणि नसलेले हे वेगळे प्रकार आहेत. त्यांची सरमिसळ करू नये.

इजेक्टरचं प्रकरण शेवटी ठेवलंय ते मुद्दाम. जुन्या ९ मिमी ग्लॉकच्या इजेक्टरवर ३३६ हा क्रमांक कोरलेला असतो, नंतर आलेल्या सुधारित भागावर ३०२७४. नव्याचं टोक वेगळ्या आकाराचं आहे, ते पुंगळीच्या बुडावर वेगळ्या जागी लागतं आणि तिला उजवीकडे वळवतं. काही डॉलरचा भाग, अर्ध्या तासाचं काम, त्यामुळे बहुतेक जण पहिला तोच मागवतात. बऱ्याचदा गुणही येतो. पण ३०२७४ फक्त दिशा बदलतो, पकड वाढवत नाही. ढिल्या एक्स्ट्रॅक्टरवर तो बसवला तर कपाळ सुटतं आणि दोष झाकला जातो. पिस्तूल मळलं किंवा काडतूस हलकं निघालं की पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकते. मॅगझीनशिवायची चाचणी आधी, इजेक्टर नंतर, हा क्रम त्यासाठीच. ३३६ ला मुळात सदोष म्हणणंही बरोबर नाही, तो लावलेली कितीतरी पिस्तुलं वर्षानुवर्षं बिनतक्रार चालली आहेत.

बदलताना पिढी पाहा. तिसऱ्या पिढीत चापाच्या यंत्रणेचं प्लास्टिक घर तेच ठेवून त्यातला इजेक्टर तेवढा बदलता येतो. चौथ्या पिढीचं घर रुंद आहे, ते तिसऱ्या पिढीच्या फ्रेममध्ये बसत नाही. पिना काढताना लॉकिंग ब्लॉकची (फ्रेममधल्या, नळी अडवणाऱ्या ठोकळ्याची) वरची पिन आधी, चापाची पिन नंतर, बसवताना उलट. चापाची पिन अडली तर हातोडी मारू नका, स्लाइड स्टॉपचा खटका हलवत दाबली की सुटते. पक्कड घेऊन इजेक्टर डावी-उजवीकडे वाकवायचा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळेल. किती वाकला हे मोजायला साधन नसताना तो करू नये, कारण स्लाइडच्या ज्या खाचेत तो फिरतो ती अरुंद आहे आणि जास्त वाकलेला इजेक्टर तिला घासतो. उलट तुमचा इजेक्टर आधीच्या मालकाच्या हातून वाकलेला नाही ना, हे मात्र वरून सरळ पाहून घ्या.

रिकॉइल स्प्रिंगची परीक्षा रिकाम्या पिस्तुलावर करतात. नळी वर ४५ अंशांत, स्लाइड मागे ओढून आणून चाप दाबून धरायचा, मग स्लाइड हळूहळू पुढे सोडायची. ती पूर्ण पुढे जाऊन बसली पाहिजे. मधेच रेंगाळली तर स्प्रिंग थकली. तिसऱ्या पिढीची स्प्रिंग तीन ते पाच हजार गोळ्यांनंतर बदलण्याचा रिवाज आहे. कोऱ्या पिस्तुलात मात्र उलटं असतं: स्प्रिंग कडक, रुळलेली नसते, म्हणून पहिल्या दोन-तीनशे गोळ्यांत थोडी वेडीवाकडी फेक दिसली तर घाईने काही उघडू नये.

१९११ पद्धतीच्या (कोल्टच्या जुन्या लष्करी पिस्तुलाच्या घडणीच्या) पिस्तुलांचं गणित थोडं निराळं. तिथे एक्स्ट्रॅक्टर स्वतःच लांब पट्टीची स्प्रिंग असतो आणि पकड त्याला हलकेच वाकवून आणतात. शिवाय तो आपल्या बोगद्यात गोल फिरू शकतो. मागची फायरिंग पिन थांबवणारी पट्टी ढिली बसली असेल तर आकडा दर गोळीला थोडा वेगळ्या कोनात राहतो आणि पुंगळ्या दाही दिशांना जातात. घट्ट बसणारी पट्टी घातली की पुष्कळदा एक्स्ट्रॅक्टरला हातही लावावा लागत नाही.

भारतात ९×१९ हे कॅलिबर निषिद्ध बोअरमध्ये (सामान्य नागरिकाला सहसा परवाना न मिळणाऱ्या कॅलिबरांत) मोडतं, त्यामुळे सर्वसाधारण परवानाधारकाकडे .३२ चं पिस्तूल असतं आणि खेळाडूकडे .२२ चं. दोन्ही बहुधा साध्या ब्लोबॅक पद्धतीची, म्हणजे नळी आणि स्लाइड एकमेकांत न अडकवलेली. पुंगळी चेंबरमधून बाहेर ढकलायला तिथे वायूचा दाबच पुरतो, म्हणून ढिला एक्स्ट्रॅक्टर बरेच दिवस उघडकीला येत नाही. उजवीकडे फेकायची वेळ आली की त्याचं पितळ उघडं पडतं. .२२ मध्ये पहिला संशय मेण आणि शिशाच्या थरावर घ्यावा, दुसरा काडतुसावर: स्टँडर्ड व्हेलॉसिटीसाठी जुळवलेल्या पिस्तुलात वेगवान काडतूस घातलं की फेक बदलते. .३२ ला बुडावर ‘केएफ’ छाप असलेली, म्हणजे पुण्याच्या खडकीच्या कारखान्यातली काडतुसं वापरत असाल तर एका डब्यातल्या दहा आणि दुसऱ्या डब्यातल्या दहा यांच्या पुंगळ्या कुठे पडतात ते वेगवेगळं लिहून ठेवा. भाग बदलायचं काम मात्र घरी नको. शस्त्र कायदा, १९५९ नुसार शस्त्र दुरुस्तीच्या व्यवसायाला स्वतंत्र परवाना लागतो, म्हणून तसा परवाना असलेल्या दुकानदाराकडेच जा, आणि जाताना त्या टिपणांचा कागद सोबत न्या. ‘पुंगळी तोंडावर येते’ एवढ्या वाक्यावर कारागीर अंदाजाने काहीतरी घासतो. ‘दहापैकी चार सहाच्या दिशेने, त्यातही शेवटची गोळी हमखास’ असं लिहिलेलं दाखवलं तर तो भिंग काढून आधी आकडा पाहील.